एका किलोचे श्रेय

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ २० उपग्रह घेऊन गेले. त्यांत पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ होता; वजन जेमतेम १ किलो. त्या दिवसांची कात्रणे मी जपली आहेत. ती पुन्हा वाचताना खटकते ते एवढेच, की सगळा गौरव उड्डाणाचा आहे. त्यामागच्या शिक्षणाचा विचार फारसा नाही.

प्रकल्प चालला आठेक वर्षे. अभियांत्रिकीची पदवी ४ वर्षांची. म्हणजे ज्यांनी आरंभ केला, ते उड्डाणापूर्वीच बाहेर पडले होते. चुंबकाच्या आधारे, वीज न खर्चता उपग्रहाची दिशा राखण्याची कल्पना मागून येणाऱ्यांना समजून घेऊन पुढे न्यावी लागली. दुसऱ्याचे अपुरे काम पुरे करण्याची ही सवय, हीच विद्यापीठांची अवकाश-उद्योगाला खरी देणगी.

विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही; म्हणूनच या सवयीचे मोल मला कळते. एकट्याने शिकणाऱ्याच्या चुका बहुधा त्याच्याबरोबरच संपतात. उपग्रहाचे वजन आपण नोंदवले. आता त्या आठ वर्षांच्या वह्यांचा इतिहासही मराठीत लिहायला हवा.