द्रवदाबाचा धडा आणि टॅपेटची टिकटिक

पास्कलच्या नियमाचा धडा बहुतेक पाठ्यपुस्तकांत एकाच वाटेने जातो. दोन दट्ट्ये, मध्ये द्रव, मग द्रवदाब यंत्र आणि शेवटी मोटारीचे ब्रेक. आकृतीत थेंबही गळत नाही, तेलात बुडबुडा नसतो. आमचा आक्षेप या स्वच्छपणालाच आहे. त्यातून नियम कळतो. पण यंत्र बिघडले तर विचार कोठून सुरू करायचा, ते कळत नाही. मोटारीतलाच हायड्रॉलिक टॅपेट ही उणीव भरून काढू शकेल.

इंजिनातला कॅम टॅपेटमार्फत झडप उघडतो. झडप तापली की लांबते. पोलादाचा १०० मिमीचा दांडा ४०० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे अर्धा मिमी वाढतो. इतर भागही प्रसरण पावत असल्याने प्रत्यक्षात याहून कमी फट पुरते. पण साध्या टॅपेटमध्ये ती ठेवावी आणि अधूनमधून जुळवावी लागते. कॅडिलॅकच्या १९३० सालच्या सोळा सिलिंडरच्या मोटारीत हे काम तेलावर सोपवले होते.

हायड्रॉलिक टॅपेटच्या पोटात छोटा दट्ट्या, स्प्रिंग आणि तेलाला एकाच दिशेने जाऊ देणारी गोळी असते. झडप बंद असताना स्प्रिंग दट्ट्याला उचलून फट मिटवते व तेल आत येते. कॅमचा जोर आला की गोळी वाट बंद करते आणि कोंडलेले तेल जणू घन पदार्थासारखे वागते. तरीही दट्ट्याभोवतीच्या काही मायक्रॉनच्या जागेतून दर वेळी थोडे तेल निसटते. हा दोष नव्हे. ते निसटले नाही, तर लांबलेली झडप पूर्ण मिटणार नाही. उपयोगी गळतीला मात्र आपल्या धड्यात जागा नाही.

आता बिघाडाकडे पाहू. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर कॅम ४०० घेतो. म्हणजे एक सैल टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. क्रँकशाफ्टच्या गतीने होणारा आवाज याच्या दुप्पट वेगाचा असतो. टिकटिक ऐकून लगेच सगळे टॅपेट बदलणे ही घाई आहे. तेल फार कमी असेल तर पंप हवा ओढतो; फार जास्त असेल तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. वातावरणाच्या दाबाला हवा तेलापेक्षा दहा हजारांहून अधिक पट दबते. म्हणून आधी तेलाची पातळी, मग तेलाचा प्रकार आणि दाब तपासावा. टॅपेटची झीज किंवा त्यात साठलेला चिकटा नंतर. सपाट बुडाचे टॅपेट काढले, तर ज्याचा तो त्याच्याच जागी बसवावा, कारण टॅपेट व कॅम एकमेकांच्या जोडीने झिजतात. कॅमशाफ्ट नवा घातला, तर टॅपेटही नवेच हवेत.

हा भाग सर्वच मोटारींत नसतो आणि वर्गात दाखवता येत नाही, ही अडचण खरी. पण सुई नसलेली सिरिंज पाण्याने भरून तोंडावर बोट दाबा व दट्ट्या रेटा. मग आत हवेचा बुडबुडा ठेवून तेच करा. फरक हाताला कळतो.

परीक्षेत ‘पास्कलचा नियम लिहा’ एवढेच न विचारता, तेल कमी असले तरी टिकटिक आणि जास्त असले तरी टिकटिक, असे का, हेही विचारावे. त्याचे उत्तर देणारा विद्यार्थी पुढे मेकॅनिक झाला, तर ग्राहकाचे चांगले टॅपेट उगाच फेकणार नाही.