तटावरची चांदबीबी आणि तहातली चांदबीबी

चांदबीबीचे नाव निघाले की मराठीत काय नि उर्दूत काय, एकच चित्र रंगवले जाते. तटाला खिंडार पडले आहे आणि चेहऱ्यावर नकाब, हाती नंगी तलवार घेतलेली सुलताना त्यात उभी आहे. चित्र खोटे नाही. डिसेंबर १५९५ मध्ये शहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांनी अहमदनगरला वेढा घातला. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तट उडाला तेव्हा ती स्वतः पुढे झाली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी राहिली. पण आमचे बहुतेक लेखन त्या रात्रीपाशीच थांबते, ही आमची तक्रार आहे.

कारण पुढची-मागची कथा गैरसोयीची आहे. मोगलांना बोलावले ते शहरातल्याच मियाँ मंजूने, गादीच्या भांडणात मदत हवी म्हणून. शहराला अभय दिलेले असताना शाहबाजखानाच्या फौजेने वस्ती लुटली. लुटणारेही कलमा पढणारे, लुटले गेलेल्यांतही कलमा पढणारे. धर्मावरून दोन बाजू पाडणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीला ही लढाई कुठे बसवावी ते कळत नाही. मग एकटी वीरांगना उचलायची आणि बाकी सोडून द्यायचे.

त्याहून मोठी गैरसोय तहाची. १५९६ मध्ये चांदबीबीने वऱ्हाड देऊन राजधानी आणि बाळराजा बहादूर यांना वाचवले. १६०० मध्ये शहजादा दानियालची फौज आली, तेव्हा किल्ला सोडून बहादूरला जुन्नरला न्यावे, असा तिचा विचार होता. फरिश्ता सांगतो की हमीदखानाने ती शत्रूला मिळाल्याची हाकाटी केली आणि आपल्याच माणसांनी तिला महालात घुसून मारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

तलवार उपसणारी सुलताना गौरवायची आणि माणसे वाचवण्यासाठी बोलणी करणारीला एका ओळीत उरकायचे, यात हमीदखानाची नजर आमच्याही लेखणीत उतरते, असे आम्हाला वाटते. मौलाना आझादांनी याच किल्ल्याच्या कैदेत लिहिलेल्या 'गुबार-ए-खातिर'मध्ये चांदबीबीचे स्मरण केले, तेही या दगडी तटावरच्या तिच्या शौर्याचे. अबुल फजलच्या 'अकबरनामा'कडे जावे, तर तो स्वतः दख्खनच्या मोहिमेवर आलेला जेत्यांचा माणूस. म्हणजे तिची बाजू मांडण्याचे काम आजच्या लेखकावरच येते.

डोंगरावरच्या ज्या तीन मजली वास्तूला लोक 'चांदबीबीचा महाल' म्हणतात, ती खरे तर सलाबतखानाची कबर आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी त्या वास्तूचे चुकीचे नाव लोकांच्या तोंडी तसेच आहे. दुसऱ्याची कबर तिच्या नावावर करणाऱ्या या शहराच्या लेखकांनी तिचा शेवटचा निर्णय तरी तिच्या नावावर लिहावा. तो भ्याडपणाचा नव्हता. हरलेल्या बाजीत माणसे वाचवायला तटावर उभे राहण्याइतकीच हिंमत लागते.