१.९ हा आकडा कसा वाचावा?

दम्याच्या पंपाने मोतीबिंदू होतो, ही भीती पालक शिक्षकांजवळही बोलून दाखवतात. वर्गात दम्याचे एक-दोन विद्यार्थी असतातच. त्यांतल्या एखाद्याचा पंप घरी बंद केला जातो आणि परीक्षेच्या सुमारास मूल धापा टाकत शाळेत येते. ही भीती निराधार असती तर एका वाक्यात सोडून देता आली असती. पण तिच्यामागे एक चांगला शोधनिबंध आहे. ३ जुलै १९९७ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रॉबर्ट कमिंग, पॉल मिचेल आणि स्टीफन लीडर या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. हा निबंध काय सांगतो आणि त्याच्या नावावर काय सांगितले जाते, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कोठे पडते हे पाहायचे आहे.

आधी ‘स्टेरॉइड’ या शब्दाविषयी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक काढून घेतले गेले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला आणि बदनामही झाला. स्नायू फुगवणारी ती स्टेरॉइडे पुरुषी संप्रेरकाच्या जातीची. दम्यात वापरली जातात ती वेगळी. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज जे कॉर्टिसॉल तयार करतात, त्याची ही भावंडे. ती श्वासनलिकांची सूज उतरवतात. आरोग्याच्या सदरांत या दोहोंची सरमिसळ अजूनही होते, आणि वाचकाची अर्धी भीती तेथूनच येते.

उरलेल्या अर्ध्या भीतीला मात्र इतिहासाचा आधार आहे. कॉर्टिसोन हे औषध १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना प्रथम दिले गेले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. दहा वर्षांनी, १९६० मध्ये, अमेरिकेतील ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या ४४ संधिवाताच्या रुग्णांचे डोळे तपासले. त्यांपैकी १७ जणांत नेत्रभिंगाच्या मागच्या बाजूला, आवरणाला लागून, एका विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू आढळला. उतारवयात नेहमी होणारा मोतीबिंदू बहुतेक वेळा भिंगाच्या गाभ्यात किंवा कडेच्या भागात सुरू होतो. हा मागचा.

मागचा म्हणजे नेमका कसा त्रास देतो, हे वर्गात दाखवता येते. एक मोठे बहिर्वक्र भिंग घेऊन मेणबत्तीची प्रतिमा भिंतीवर पाडा. मग भिंगाच्या मधोमध एक सेंटिमीटर व्यासाची काळ्या कागदाची टिकली चिकटवा. प्रतिमेच्या मध्यभागी भोक पडेल असे बहुतेक विद्यार्थी सांगतील. तसे होत नाही. प्रतिमा पूर्णच राहते, फक्त थोडी मंद होते. आता टिकलीहून किंचित लहान भोक पाडलेला पुठ्ठा भिंगाला लावा, भोक बरोबर टिकलीवर येईल असा. प्रतिमा नाहीशी होते. डोळ्यात पुठ्ठ्याचे काम बाहुली करते. उन्हात आणि जवळचे वाचताना ती आकसते. म्हणून या मोतीबिंदूच्या रुग्णाला संध्याकाळी बरे दिसते, पण दुपारी उन्हात आणि पुस्तक हातात घेतल्यावर दिसत नाही. नेत्रतज्ज्ञाने अंधारात दूरचा तक्ता वाचून घेतला तर दृष्टी जवळजवळ चांगली निघू शकते. रुग्णाची तक्रार खरी असते, तक्ता अपुरा असतो. (कागदाची टिकली प्रकाश अडवते, मोतीबिंदू तो विखुरतोही. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपतात ते त्यामुळे.)

स्टेरॉइडाने हे का होते? भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत. त्याच्या पुढच्या पृष्ठभागाखाली पेशींचा एक थर असतो. या पेशी कडेला जाऊन लांबतात, आपले केंद्रक गमावतात आणि पारदर्शक तंतू बनतात. स्टेरॉइडाच्या दीर्घ वापरात या शिस्तीत बिघाड होतो आणि अर्धवट घडलेल्या पेशी मागच्या आवरणाखाली जमतात, असे दिसते. सर्व दुवे अजून जुळलेले नाहीत.

१९७२ मध्ये ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोन फवाऱ्यातून देण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि परिस्थिती बदलली. औषध थेट श्वासनलिकेत. गोळीत मिलिग्रॅम लागत होते तेथे आता मायक्रोग्रॅम पुरू लागले. फवाऱ्यातले औषध रक्तात जात नाही, असे नंतर बरीच वर्षे सर्रास मानले गेले. ते बरोबर नव्हते. फवाऱ्याचा मोठा भाग घशात बसतो आणि गिळला जातो. फुप्फुसात पोचलेला भागही शेवटी रक्तात उतरतो. प्रश्न होता तो एवढाच की, ही अल्प मात्रा वर्षानुवर्षे घेतली तर भिंगाला जाणवते का.

कमिंग आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला. सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लू माउंटन्स भागातील ४९ ते ९७ वर्षे वयाच्या ३,६५४ लोकांची डोळ्यांची पाहणी आधीच झालेली होती. त्यांपैकी ३७० जणांनी फवाऱ्यातले स्टेरॉइड पूर्वी घेतले होते किंवा अजून घेत होते. या निबंधाची सर्वांत भक्कम बाजू अशी, की मोतीबिंदू रुग्णाला विचारून ठरवलेला नाही. प्रत्येकाच्या भिंगाची छायाचित्रे काढली गेली आणि ती तपासणाऱ्यांना कोण पंप घेतो हे माहीत नव्हते. दवाखान्यात वारंवार जाणाऱ्या माणसाचा मोतीबिंदू लवकर सापडतो, ही नेहमीची पळवाट त्यामुळे बंद झाली.

निष्कर्ष असे. पंप वापरणाऱ्यांत मागच्या मोतीबिंदूचे प्रमाण इतरांच्या १.९ पट, गाभ्यातल्या मोतीबिंदूचे १.५ पट, कडेच्या मोतीबिंदूत अर्थपूर्ण फरक नाही. आयुष्यभरात घेतलेले बेक्लोमेथासोन जसे वाढते तसा मागचा मोतीबिंदूही वाढतो. २,००० मिलिग्रॅमहून अधिक घेतलेल्यांत तो २७ टक्के लोकांत होता, म्हणजे ५.५ पट.

‘पंपाने मोतीबिंदू दुप्पट’ हे वाक्य येथूनच तयार होते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दुप्पट कशाच्या? २७ ला ५.५ ने भागले तर पंप न घेणाऱ्यांतले प्रमाण ढोबळमानाने शेकडा ५ निघते. (वयाचा हिशेब गुणोत्तरात धरलेला असल्याने हा भागाकार काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरे.) शेकडा ५ च्या जागी साधारण शेकडा ९ ते १०. म्हणजे उतारवयातील शंभर पंप वापरणाऱ्यांमागे जास्तीचे चार-पाच. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि डोळे जातील अशी धास्ती घेण्याजोगाही नाही. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, आणि ती आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही होते.

आता ते २,००० मिलिग्रॅम. हा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतले तर २,००० मिलिग्रॅम पुरे व्हायला ५,००० दिवस, म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त काळ लागतो. रोज ८०० घेतले तर २,५०० दिवस, जवळजवळ सात वर्षे. एक सावधगिरी हवी. एका स्टेरॉइडाचे मिलिग्रॅम दुसऱ्याच्या मिलिग्रॅमशी सरळ ताडता येत नाहीत. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचे काम ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन करते. ‘गोळी तर एवढीशी आहे’ हा युक्तिवाद म्हणून फसवा असतो.

निबंधाच्या उणिवा दोन-तीन आहेत आणि लेखकांनी त्या झाकलेल्या नाहीत. पाहणी एका वेळची आहे. आधी पंप की आधी मोतीबिंदू, हे तीतून ठरत नाही. औषध किती वर्षे आणि किती घेतले, हे रुग्णांच्या सांगण्यावर अवलंबून आहे; गेल्या महिन्यात काय घेतले हे आपल्यालाही धड आठवत नाही. तिसरी उणीव महत्त्वाची. दम्याचे जुने रुग्ण अधूनमधून गोळ्याही घेतात. लेखकांनी गोळ्यांचा आणि इतर संभाव्य कारणांचा गणिती हिशेब केला, तरी संबंध फारसा बदलला नाही. पण गोळी कधीच न घेतलेल्यांपुरते पाहिले, तेव्हा मागच्या मोतीबिंदूशी असलेला संबंध फिका झाला. ही ओळ निबंधाच्या सारांशातच आहे. ती पुढे कोणी सांगत नाही. माझ्या मते संपूर्ण निबंधातली ती सर्वांत बोलकी ओळ आहे. पंपाच्या नावावर टाकलेला दोष काही अंशी गोळीचा असण्याची शक्यता ती दाखवते.

आणि या निबंधात ४९ वर्षांखालचे कोणीही नाही. आठ वर्षांच्या मुलाचा पंप या आकड्यावरून बंद करणे म्हणजे आजोबांच्या मापाचा सदरा नातवाला घालणे होय. मुलांसाठी वेगळे पुरावे आहेत. २००० मध्ये अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ दमेकरी मुलांवरील चार ते सहा वर्षे चाललेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बुडेसोनाइड रोज ४०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या मुलांत मोतीबिंदूचा धोका वाढलेला दिसला नाही. त्यांची उंची मात्र सरासरीने सुमारे १ सेंटिमीटर कमी वाढली. खरी किंमत शोधायचीच तर ती येथे आहे, पण तिच्याबद्दल पालक क्वचितच विचारतात. २००१ मध्ये ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासातही चाळिशीच्या आतल्या रुग्णांत धोका वाढलेला आढळला नाही. चाळिशीनंतर तो मात्रेबरोबर वाढत गेला.

दम्याच्या बाबतीत निवाडा अवघड नाही. सूज तशीच ठेवून फक्त श्वासनलिका तात्पुरती रुंदावणाऱ्या औषधावर भागवणे धोक्याचे असते. म्हणूनच दम्याविषयीच्या ‘जीना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून, मोठ्यांना आणि किशोरवयीनांना केवळ तसे औषध देऊ नये, सोबत फवाऱ्यातले स्टेरॉइड असावे, अशी भूमिका घेतली.

विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने होणाऱ्या, कायम धाप लागणाऱ्या फुप्फुसविकारात मात्र तराजू वेगळा झुकतो. तेथे फवाऱ्यातल्या स्टेरॉइडाचा फायदा काही ठरावीक रुग्णांनाच होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टॉर्च’ या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या तीन वर्षांच्या चाचणीत डोळे तपासलेल्या रुग्णांपुरते पाहता मोतीबिंदूत फरक आढळला नाही. पण न्यूमोनिया वाढला: निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत शेकडा १२.३, तर स्टेरॉइडासह संयुक्त फवारा घेणाऱ्यांत शेकडा १९.६. अशा रुग्णाला सवयीने जास्त मात्रेचा पंप लिहून देण्यावर टीका करायची तर आधार मोतीबिंदूहून न्यूमोनियाचा भक्कम आहे. शिवाय चुलीचा धूर स्वतःच मोतीबिंदूशी निगडित असल्याचे भारतातील पाहण्यांत आढळले आहे. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला धापही लागते आणि मोतीबिंदूही होतो. मग तिचा पंप आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि धूर मोकळा सुटतो.

राहिली गोळी. ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हे आपल्याकडे खेड्यांत आणि शहरांतही ऐकू येते. लगेच आराम देणारी ती गोळी पुष्कळदा स्टेरॉइडच असते. कागदाच्या पुडीत नावाशिवाय मिळाली तर घेणाऱ्याला ते कळतही नाही. १९६० चे ते १७ रुग्ण स्टेरॉइडाचा फवारा घेणारे नव्हते. अशी गोळी महिनोन्‌महिने घेतलेली असेल तर ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे, कारण अधिवृक्क ग्रंथी तोवर काम विसरलेल्या असतात. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवावी लागते. पंपाला स्पेसर लावणे, नंतर चूळ भरून टाकणे, आजार आटोक्यात असेल तर मात्रा कमी करता येईल का हे डॉक्टरांना विचारणे, आणि चाळिशीनंतर बाहुली रुंदावून भिंगाची तपासणी करून घेणे, एवढे कोणत्याही पंपधारकाला जमण्यासारखे आहे. उन्हात दिसत नाही अशी तक्रार असेल, तर ती तपासणीच्या वेळी आपणहून सांगावी; अंधाऱ्या खोलीतल्या तक्त्यावर ती उमटेलच असे नाही.