'मिनारी': ही भाषा परकी कुणाला?

ली आयझॅक चंग अमेरिकेत जन्मला, आर्कान्सात वाढला. त्याचा 'मिनारी' (2020) घडतो तिथल्याच शेतावर. तरी गोल्डन ग्लोबनं त्याला परभाषा विभागात बसवलं, कारण निम्म्याहून जास्त संवाद कोरियन. मला या नियमाचं उत्तर सिनेमातच सापडतं. जेकब कोरियन भाज्या पिकवतो, त्या अमेरिकेतल्याच कोरियन लोकांसाठी. आजी कोरियातून आणलेलं मिनारी या पालेभाजीचं बी ओढ्याकाठी पेरते आणि घरी माउंटन ड्यू पिते, टीव्हीवर कुस्ती बघते. आपलं जपायचं म्हणून ती नवं नाकारत नाही. कोठार जळतं, पण मिनारी तगते. बाप-लेक ती खुडतात. बी कोरियाचं, पीक आर्कान्साचं. गोल्डन ग्लोबनं पुढे नियम बदलला, ते बरंच झालं.