‘क्रिस्टल पॅलेस हाय लेव्हल’ स्थानकाविषयींचे दोन प्रवाद

लंडनच्या दक्षिण उपनगरांतील या बंद पडलेल्या रेल्वे-स्थानकावर लिहिणारे दोन गोष्टी अंधपरंपरान्यायानें सांगत आले आहेत. पहिली अशी कीं, स्थानकांतून काचेच्या प्रासादाकडे जाणारा विटांचा भुयारी मार्ग इटलींतून आणलेल्या, ख्रिस्तमंदिरें बांधणाऱ्या गवंड्यांनीं बांधला. तांबड्या व पांढुरक्या विटांचे ते अष्टकोनी स्तंभ आणि त्यांवर छत्रीसारख्या पसरलेल्या कमानी पाहून हा तर्क सुचणें स्वाभाविक आहे. परंतु समकालीन कागद पुढें न करतां तो इतिहास म्हणून देणें सर्वथा अयोग्य होय. आकारसादृश्यावरून गवंड्याचा देश ठरत नाहीं. स्थानकाचा वास्तुकार एडवर्ड बॅरी हा तर इंग्रजच होता.

दुसरी गोष्ट, १९३६ च्या नोव्हेंबरांत प्रासाद जळाला आणि स्थानक संपलें. हा काकतालीयन्याय! स्थानक उघडलें १ ऑगस्ट १८६५ रोजीं व बंद झालें २० सप्टेंबर १९५४ रोजीं. म्हणजे आगीनंतर जवळजवळ १८ वर्षांनीं. आगीनें उतारू घटले, हें मान्य. पण त्याच टेकडीच्या उतारावर १८५४ पासून दुसरें स्थानक होतें, व तें आजहि चालू आहे. पहिल्या महायुद्धांतहि, म्हणजे आगीच्या कितीतरी आधीं, हा फाटा १९१७ ते १९१९ बंद ठेवतां आला, याचा विचार कोणी करावयाचा?

इमारत १९६१ सालीं पाडली गेली. भुयारी मार्ग मात्र शाबूत असून २०१८ सालीं संरक्षित वास्तूंत त्याची श्रेणी वाढविण्यांत आली. पुढील लेखकानें निदान त्याच्या विटा तरी तपासाव्या.