सहा तास आणि सहा आठवडे

श्रवणयंत्र लावले किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बसवले की काम संपले, असे अजूनही अनेक पालकांना वाटते. यंत्र आवाज पोचवते; त्या आवाजातून शब्द वेगळे काढायला मुलाला शिकावेच लागते. हे शिक्षण संगणकाकडे सोपवता येईल का? या प्रश्नाचा शोध घेताना मी वारंवार एका प्रयोगाकडे परत आलो. मी या विषयाचा पदवीधर नव्हे. जमेल तसे वाचत, जाणकारांना विचारत शिकलेला माणूस आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील मानसशास्त्रज्ञ डॉमिनिक मसारो यांनी ‘बाल्डी’ नावाचा बोलणारा चेहरा संगणकावर घडवला. त्याचे वैशिष्ट्य असे, की गालाची कातडी पारदर्शक करून आत जीभ कशी हलते ते मुलाला दाखवता येते. शिक्षिकेने कितीही तोंड उघडले तरी हे दिसत नाही. 2004 साली मसारो आणि जोआना लाइट यांनी कमी ऐकू येणाऱ्या सात मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एकवीस आठवड्यांत सहा तासांचे प्रशिक्षण झाले. म्हणजे आठवड्याला जेमतेम सतरा मिनिटे. तरीही सातही मुलांचे ऐकून ओळखणे आणि उच्चारणे सुधारले. न शिकवलेल्या शब्दांतही उच्चार सुधारले.

पुढचा निष्कर्ष मात्र थांबून वाचण्यासारखा आहे. प्रशिक्षण बंद केल्यावर सहा आठवड्यांनी उच्चार काहीसे घसरले. संशोधकांनी यातून सुधारणा प्रशिक्षणामुळेच झाली, असे अनुमान काढले. ती केवळ वयामुळे झाली असती तर सराव थांबल्यावर घसरली नसती. तर्क बिनचूक आहे. पण पालकाच्या बाजूने पाहिले तर हीच घसरण वेगळे सांगते: पडद्यावर कमावलेला उच्चार घरातल्या बोलण्यात रोज वापरला गेला नाही, तर तो टिकेलच असे नाही. सात मुले ही संख्याही लहान आहे. या प्रयोगाला उमेद म्हणावे, हमी म्हणू नये.

दुसरा मुद्दा आपल्या भाषेचा. हा सराव इंग्रजी ध्वनींचा होता; घोष आणि अघोष ध्वनींतला फरक हा त्याचा मोठा भाग. इंग्रजीत शब्दारंभी ‘प’सारखा ध्वनी आला की त्याबरोबर हवेचा झोत येतो, ‘ब’बरोबर येत नाही. त्यामुळे झोत ओळखला तरी काम भागते. मराठीत तसे नाही. पार, फार, बार, भार हे चार शब्द आरशासमोर म्हणून पाहा. चारही वेळा ओठ सारखेच मिटतात. फरक गळ्यातल्या कंपाचा आणि हवेच्या झोताचा, आणि दोन्ही स्वतंत्रपणे ओळखावे लागतात. शिवाय ‘काल’ आणि ‘काळ’, ‘चहा’तला आणि ‘चाका’तला च आहेतच. या भेदांचा विचार न केलेला कार्यक्रम केवळ सूचना मराठीत देतो म्हणून मराठी ठरत नाही.

ओळखीतल्या एका आईने असाच एक महागडा कार्यक्रम घेतला होता. तिच्या मुलाने ‘फार’ म्हटले काय नि ‘पार’ म्हटले काय, पडद्यावर तारा उगवायचाच. मूल खूश, आई निर्धास्त, आणि चूक पक्की होत गेली. हे पाहून मला वाईट वाटले, कारण भाषा शिकण्याची कोवळी वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

संगणक नको, असे माझे म्हणणे नाही. तो कंटाळत नाही, चिडत नाही, शंभराव्या वेळीही तोच उच्चार ऐकवतो. परंतु विकत घेण्याआधी पालकांनी मुद्दाम चुकीचा शब्द उच्चारून पाहावा. चूक पकडली तरच पुढे बोलावे. आणि सतरा मिनिटांचा सराव संपला की पडदा बंद करून, मुलाला जवळ घेऊन, तोच शब्द स्वयंपाकघरात, अंगणात, बाजारात वापरावा. उच्चार संगणकावर सुधारेल. तो टिकवण्याचे काम घरालाच करावे लागेल.