‘फेकलेस’ म्हणजे कोण?

इंग्रजीतला ‘फेकलेस’ हा शब्द प्रथम भेटला की मराठी वाचकाची फसगत होते. आपल्याकडे थापा मारणाऱ्याला ‘फेकू’ म्हणतात. तेव्हा ‘फेकलेस’ म्हणजे कोणी सत्यवचनी गृहस्थ असावा!

शब्द मूळचा स्कॉटलंडचा. ‘इफेक्ट’चे डोके आणि शेपूट छाटून तिकडच्या लोकांनी ‘फेक’ केले. ज्याच्या हातून काहीच घडत नाही, तो ‘फेकलेस’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो लेखनात दिसतो. पुढे टॉमस कार्लाइल (१७९५–१८८१) या स्कॉटिश लेखकाने त्याला इंग्रजी साहित्याच्या दिवाणखान्यात आणून बसवले. त्याचा कर्तबगार भाऊ ‘फेकफुल’ मात्र गावीच राहिला.

इथपर्यंत गंमत. पण शहरात आल्यावर शब्दाला एक खोड लागली. आधी तो दुबळ्याला, निरुपयोग्याला लागत असे. आता त्यात बेजबाबदारपणाही मिसळला. ज्याला जमत नाही आणि जो मनावरच घेत नाही, ते दोघे एकाच दोरीने बांधले गेले. माझी तक्रार आहे ती इथे.

डिकन्सची दोन माणसे पाहा. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला (१८४९–५०) मिकॉबर कर्जात बुडालेला, काहीतरी चांगले घडेल म्हणून वाट पाहणारा. तुरुंगात जातो, पण स्वतः जातो. आणि वेळ येते तेव्हा हीपची लबाडी तोच उघडी पाडतो. ‘ब्लीक हाउस’मधला (१८५२–५३) स्किम्पोल ‘मी तर बाळ, मला पैशातले काय कळते?’ असे गोड बोलून आपली देणी दुसऱ्यांवर ढकलतो, आणि आजारी, अनाथ जोचा ठावठिकाणा लाच घेऊन सांगून टाकतो. डिकन्सचे वडील १८२४ साली कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते. हा फरक त्याला पुस्तकातून शिकावा लागला नसणार. शब्दाला मात्र दोघे सारखेच.

मराठीत भाषांतर करणाऱ्याने म्हणून एकच प्रतिशब्द घोकू नये. मिकॉबरला ‘नाकर्ता’ चालेल. तो मूळ अर्थाच्याही जवळचा. स्किम्पोलला ‘ऐतखाऊ’, तेही सौम्यच. ‘उडाणटप्पू’ दोघांच्याही वयाला शोभत नाही. राहिला ‘दिवटा’. आमच्या आजीच्या तोंडी तो रोज असे, आणि त्या दिवट्या चिरंजीवांचे ताटही रोज वाढलेले असे. तेवढी माया ‘फेकलेस’मध्ये मला अजून सापडलेली नाही.